हात मागे

१

सातवीच्या मुलांनी भट्टीचं दार उघडलं आणि टाळ्यांसाठी वर आलेले त्यांचे हात वरच राहिले.

आत तीन फळ्या होत्या. त्यांवर मग, वाट्या, फुलदाण्या, पेनं ठेवायचे डबे, झाकणांच्या बरण्या असा दोन महिन्यांचा संसार मांडलेला होता. पुढच्या रांगेतल्या भांड्यांचे सरळ दोन-दोन तुकडे झाले होते. मधली रांग उभी दिसत होती, पण एका मुलाने मग उचलला तर नुसता कान त्याच्या हातात आला. पार मागे, भिंतीला टेकलेली थोडी भांडी तेवढी शाबूत होती. बाहेर अंगणात पालक रिकाम्या पिशव्या घेऊन खरेदीला ताटकळत होते.

शाळेच्या शेडमधल्या गर्दीत सगळ्यांत मागे सातवीतल्या मुंगीची आत्या उभी होती. आत्या म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं. विमा कंपनीत तिचं सगळं आयुष्य जळकी गोदामं आणि वितळलेली यंत्रं तपासण्यात गेलं होतं. आग कुठून लागली, आपोआप लागली की कोणी लावली, हे ती राखेत काडी फिरवून सांगायची. ऑफिसात तिला पाठीमागे 'राखेवाली' म्हणत. ते तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. निवृत्तीनंतर ती सुखाने एकटी राहत होती. पण मुंगीची आई आपल्या आजारी आईपाशी गेली, म्हणून ही भावाच्या घरी मुक्कामाला आली होती.

तर त्या क्षणी आत्याचे हात पाठीमागे बांधलेले होते. सगळ्याच मोठ्यांचे होते. शेडच्या दारावर मुलांनी मोठ्या अक्षरांत पाटी लावली होती: 'मोठ्यांनी हात मागे ठेवावेत.' हा मातीसरांचा नियम. मातीसर म्हणजे शाळेचे कलाशिक्षक. त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांवर बाराही महिने माती असायची, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं. शाळेच्या वाचनालयाचं छप्पर गळत होतं, दुरुस्तीला निधी हवा होता. दरवर्षी असला निधी पालकसभा गोळा करायची. अध्यक्षबाई ठरवायच्या, बाकीच्या आया राबायच्या आणि मुलं रांगेत उभी राहून एक गाणं म्हणायची. यंदा मातीसरांनी मुख्याध्यापकांचा पिच्छा पुरवला. निधी सातवीलाच भांडी विकून उभारू द्या, म्हणाले. कशाआधी काय करायचं, कोणी काय करायचं, उशीर होतोय म्हटल्यावर काय सोडून द्यायचं, हे शिकायचं वय हेच. मोठ्यांनी फक्त मुलं मागतील ते द्यायचं, आणि शेडमध्ये शिरताना हात मागे. तेव्हापासून मुख्याध्यापकांपासून अध्यक्षबाईंपर्यंत सगळे शिक्षा झालेल्या पोरांसारखे तिथे उभे राहत.

"नीट वाळवली नसतील," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. त्यांचं हळूचसुद्धा अंगणापर्यंत ऐकू जायचं.

भांडी ओली राहिली तर भट्टीत फुटतात, एवढं दोन महिन्यांत सगळ्यांनाच कळलं होतं. पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग एकेक करत सगळ्यांची नजर एका बुटक्या, दोन वेण्यांच्या मुलीवर येऊन थांबली. सतत काहीतरी उचलून कुठेतरी नेत असते, म्हणून तिला मुंगी म्हणत. सगळ्या कामाची आखणी तिची होती.

मुंगीने फळीवरून एका मगाचे दोन अर्धे उचलले आणि एकमेकांना लावून पाहिले. ते बरोबर जुळले.

"वाळवायचं काम माझ्याकडे होतं," ती म्हणाली.

२

घरी मुंगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. शनिवारी पालकसभा बसेल, मुंगीने काय चुकलं ते सभेत सांगावं आणि इथून पुढे निधीचं काम पुन्हा मोठ्यांनी बघावं. मुख्याध्यापक वाईट नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं, आणि मिटवायची घाई झालेल्या माणसाला एक नाव पुरतं. खापर मुंगीवर फुटलं आणि तिने ते मुकाट्याने घेतलं, याचाच आत्याला जास्त राग आला.

"होतं गं असं," मुंगीचा बाप तिच्या ताटात पुन्हा एकदा वाढत म्हणाला. "चुका सगळ्यांच्याच होतात."

हा आत्याचा धाकटा भाऊ. केस पिकले तरी आत्या त्याला छोट्याच म्हणायची. तो सुतार होता आणि कामात फार काटेकोर. कुलूप लावल्यावर ओढून बघायचा, मग चार पावलं जाऊन परत येऊन ओढायचा. त्याच्या बोटांना नेहमी एखादी तरी पट्टी असायची, आजही होती. मुलांनी विक्रीसाठी मांडण्या बनवायचं काम त्याला दिलं होतं. लांबी-रुंदी मुंगीने सांगितली होती आणि "बाबा, सकाळी सगळ्यांच्या आधी पोचल्या पाहिजेत," असं बजावलंही होतं. बापाने घरभर ते कौतुकाने सांगितलं होतं.

"चुका सगळ्यांच्याच होतात," तो पुन्हा म्हणाला. त्या दोन दिवसांत त्याचं दुसरं वाक्यच नव्हतं.

जेवणं झाल्यावर मुंगी आत्याच्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"आत्या, तू जळालेल्या वस्तू बघायचीस ना?"

"बघायचे."

"मग माझ्या बघ. मी प्रत्येक भांडं गालाला लावून बघितलं होतं. ओलं असलं तर गार लागतं. गार लागलं ते मी मागे ठेवलं, भट्टीत दिलं नाही. तरी मला आता वाटतंय की एखादं राहिलं असेल." ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "माझी चूक असली तर तसं सांग. मी शनिवारी सांगेन सगळ्यांना. पण बघून सांग. सगळे न बघता सांगतायत."

आत्याने आयुष्यात कारखानदारांची बोलणी ऐकली होती, वकिलांची ऐकली होती. एवढी सरळ मागणी तिच्याकडे कोणी केली नव्हती. 'एखादं राहिलं असेल' हे ऐकून मात्र तिला धस्स झालं. दोन दिवसांत या पोरीचा स्वतःच्या गालावरचा विश्वास उडाला होता.

३

शेडमध्ये मातीसर एकटेच बसले होते. तुकडे तसेच फळ्यांवर होते.

"तुम्ही बघितले का हे?" आत्याने विचारलं.

"नाही हो ताई. बघवलं नाही." ते उठून उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "हात..." मग स्वतःच थांबले. "आता काय, लावा हात."

आत्याने खिडकीशी तुकडे नेले, चष्मा कपाळावर चढवला आणि एकेका तुकड्याची कड डोळ्यांजवळ धरून पाहू लागली. तिला मातीतलं काही कळत नव्हतं, पण फुटलेल्या वस्तूची कड तिने हजारदा पाहिली होती.

"सर, वर ही काचेसारखी झिलई आहे, ती कधी चढते?"

"शेवटी. भट्टी पुरती तापली की वितळते. आपण एकाच भाजणीत सगळं केलं. दोनदा भट्टी लावायला वीज परवडली नसती."

"आणि ओलं भांडं कधी फुटतं?"

"ते फार आधी. आतल्या पाण्याची वाफ झाली की लगेच. तेव्हा झिलई अजून नुसती पूड..." मातीसर बोलता बोलता थांबले.

"म्हणजे ओलेपणाने फुटलं असतं तर मागाहून झिलई वितळून या कडेवर ओघळली असती. कड गुळगुळीत झाली असती. हो ना?" आत्याने तुकडा त्यांच्यापुढे धरला. "बोट लावून बघा. सांभाळून."

सरांनी लावलं. बोटावर बारीक लाल रेघ उमटली. कड पात्यासारखी धारदार होती आणि तिच्यावर झिलईचा थेंब नव्हता.

"ही भांडी अख्खी भाजली, झिलई चढली, सगळं झालं, आणि मग फुटली," आत्या म्हणाली. "निवताना. दुसरं असं की नासधूस सगळीकडे सारखी नाही. दाराजवळचं सगळं गेलं, मधलं अर्धवट, मागचं वाचलं. ओली भांडी काय रांग बघून फुटतात? गार वारा दारातून आला, सर. भट्टी तापलेली असताना कोणीतरी दार उघडलं आणि पुन्हा लावून टाकलं."

मातीसर मातीच्या पोत्यावर मटकन बसले. भट्टी उघडायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच ती बंद केली होती, शेडला कुलूप घातलं होतं. रात्रभर आणि सकाळभर दार उघडायचं नाही, हे पोराटोरांनासुद्धा पाठ होतं.

"मला कळायला हवं होतं," ते म्हणाले. "हे तर मी कधीही ओळखलं असतं. मी नुसता रडत बसलो आणि तिकडे ती पोर..."

आत्याने त्यांना बोलू दिलं आणि खाली वाकून बघायला लागली. भट्टीच्या आजूबाजूला तिला दोन गोष्टी सापडल्या. पोत्यांआड ढकललेला एक पुठ्ठ्याचा खोका होता. त्यात दुकानातून आणलेले नवेकोरे मग होते, एकेक कागदात गुंडाळलेला. दुसरी वस्तू अगदी छोटी होती: बोटभर लांबीची लाकडी पाचर, पातळ टोकाशी दोन्ही बाजूंनी काळी पडलेली.

विजेच्या भट्टीत लाकडाचं काय काम? आत्या पाचर घेऊन अंगणात आली. तिथे झाडाखाली मुलांच्या मांडण्या अजून तशाच रिकाम्या होत्या. अंगण उंचसखल, म्हणून प्रत्येक मांडणीच्या पायाखाली तशीच पाचर सरकवलेली होती. एका पायाखाली नव्हती. ती मांडणी बोट लावताच डुगडुगली.

म्हणजे कोणीतरी दार किलकिलं केलं होतं आणि ते जड दार आपोआप मिटू नये म्हणून फटीत पाचर दिली होती. आणि हे मांडण्या आल्यानंतर झालं असणार, कारण त्याआधी इथे पाचरी नव्हत्याच. आत्याने ती रुमालात गुंडाळली आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडे निघाली. शेडची चावी तिथे खिळ्याला टांगलेली असायची.

४

"त्या सकाळी? अध्यक्षबाई घेऊन गेल्या होत्या चावी," मुख्याध्यापक म्हणाले. "काहीतरी सजावटीचं सामान ठेवायचं होतं त्यांना. आणि नंतर..." तेवढ्यात दोन पालक भांडत आत आले, आणि आत्याही 'नंतर'साठी थांबली नाही.

खरं सांगायचं तर आत्याला अध्यक्षबाईच हव्या होत्या. कामात ती असली घाई कधी करत नसे. पण इथे मामला घरच्या पोरीचा होता, आणि त्या बाईंचा तो हळू आवाज तिच्या कानात अजून घुमत होता.

अध्यक्षबाईंचं कापडाचं दुकान होतं. आधी त्यांनी कानांवर हात ठेवले. शेडमध्ये गेलेच नाही, म्हणाल्या. आत्याने खोक्यातला एक मग पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला. अध्यक्षबाईंनी मापायची पट्टी खाली ठेवली.

"हे मग तुम्ही सकाळीच आणून ठेवलेत," आत्या म्हणाली. "भट्टी उघडायच्या आधी. भांडी फुटणार हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

बाईंचा चेहरा उतरला.

"फुटणार म्हणून नाही हो आणले. कमी पडणार म्हणून आणले. लोक पिशव्या घेऊन येणार आणि पोरांची चार वेडीवाकडी भांडी! शाळेची शोभा झाली असती. म्हटलं, मधूनमधून हे ठेवून देऊ, कुणाच्या लक्षात येणार नाही." त्यांनी मग उचलून कागदात परत गुंडाळला. "आणि मग ते सगळं फुटलेलं बघितलं आणि मला इतकी लाज वाटली की खोका बाहेर काढलाच नाही. नीट वाळवली नसतील असं बोलले ना मी, ते तोंडातून निसटलं. तेव्हापासून खातंय मला ते."

आत्याला हे अपेक्षित नव्हतं. ती बाई खरं बोलत होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर राग धरणं फार अवघड जातं.

"तुम्ही आत गेलात तेव्हा भट्टीचं दार कसं होतं?"

"बंद. धग एवढी की जवळ उभं राहवत नव्हतं. मी खोका मांडणीवर ठेवणार होते, पण मांडण्या कुठे आल्या होत्या अजून? अंगण मोकळं होतं. म्हणून पोत्यांमागे सरकवला आणि चावी परत नेऊन दिली."

मांडण्या आल्या नव्हत्या. म्हणजे पाचरी नव्हत्या. म्हणजे अध्यक्षबाई नव्हत्या. आत्या दुकानाच्या पायरीवर जरा वेळ उभी राहिली. मुख्याध्यापकांचं ते अर्धवट राहिलेलं 'आणि नंतर' तिला आता ऐकू आलं. ती शाळेकडे परत फिरली.

"नंतर ना?" मुख्याध्यापक कागदांतून मान वर करून म्हणाले. "नंतर तुमचे बंधू आले की. मांडण्या ठेवायला शेडची चावी हवी म्हणाले. दिली मी. का हो?"

मांडण्या अंगणात होत्या. त्या ठेवायला शेडची चावी लागत नव्हती.

५

छोट्याचं दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. तो रंधा मारत होता. आत्या दारात उभी राहिली आणि तिने रुमाल उलगडून पाचर त्याच्या टेबलावर ठेवली. रंधा थांबला.

"छोट्या, पट्ट्या काढ."

"कसल्या?"

"बोटांच्या."

त्याने काढल्या नाहीत. म्हणून तिनेच त्याचा हात हातात घेतला, लहानपणी काटा काढायला घ्यायची तसा, आणि पट्टी सोडवली. दोन बोटांच्या पेरांवर आडवा, सरळ रेघेचा भाजल्याचा डाग होता. तापलेल्या लोखंडाच्या कडेचा. असल्या डागांचे फोटो तिने गठ्ठ्यांनी पाहिले होते. हा डाग तिच्या ताटाशेजारी, एक हात अंतरावर रोज जेवत होता आणि तिने पाहिला नव्हता. सुताराच्या बोटांना पट्टी असायचीच.

"शेडमध्ये सगळ्यांबरोबर हात मागे बांधून उभा होतास तू," ती म्हणाली. "तिथे कोणी बघणार नव्हतंच."

छोट्या लाकडाच्या भुशाकडे बघत बोलायला लागला.

"ती मोठी बरणी होती ना तिची. जाड बुडाची. मी मांडण्यांची मापं घ्यायला गेलो होतो, तेव्हा ती गालाला लावून बघत होती. मला वाटलं, एवढं जाड बूड, आतून ओलं असणार. लाकडाचं तसंच असतं. वरून कोरडं लागतं. तिला बोललो नाही. हात मागे, नियम. पण रात्रभर झोप नाही ताई. एक बरणी फुटली की शेजारची चार घेऊन फुटणार, सगळ्यांदेखत, आणि ही तिथे उभी असणार. म्हटलं, आधीच बघून ठेवू. काही झालं असेल तर तिला आधी सांगता येईल, तिची तयारी करता येईल."

"आणि उघडलंस."

"नुसती फट गं. बोटभर. दार आपोआप मिटायला लागलं, म्हणून पाचर दिली. टॉर्च मारला. सगळी अख्खी होती. बरणीसुद्धा. मला इतका आनंद झाला. दार लावलं, बाहेर येऊन मांडण्या उतरवायला लागलो. शेडमधून बारीक टिकटिक आवाज येत होता. मला वाटलं, लोखंड निवतंय."

आत्या स्टुलावर बसली. रागवावं म्हणून ती आली होती, ते जमेना. तो आवाज भांडी तडकण्याचा होता, हे आता दोघांनाही कळत होतं.

"पण छोट्या," ती म्हणाली, "तिने ओली ठेवली नव्हती, हे या जगात एकट्या तुला माहीत होतं. आणि तू रोज तिच्यासमोर बसून 'चुका होतात' म्हणत होतास?"

"हो."

"का रे?"

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं.

"चूक झाली, हे तिला पचेल. पोरं विसरतात. पण बाबाला माझा भरवसा नव्हता, हे ती विसरेल? दोन्हींपैकी एक तिला मिळणारच होतं. मी त्यातलं कमी लागणारं निवडलं." त्याने तळहाताने डोळे पुसले आणि भुसा गालाला लागला. "असं मला वाटलं."

इतक्या चुकीच्या आणि इतक्या मायेच्या निर्णयाला काय म्हणायचं, हे आत्याला कोणत्याच नोकरीने शिकवलं नव्हतं. तिला भावाची कीव आली. आणि त्याच वेळी पलंगाच्या कडेला बसून वेणी बोटाला गुंडाळणारी पोर आठवली. मग कीव मागे पडली.

"तिने मला एकच प्रश्न विचारलाय," आत्या उठत म्हणाली. "तिची चूक होती का. त्याचं उत्तर मी तिला आजच देणार. पण कोणाची होती, ते मी सांगणार नाही. ते तू सांगायचंस."

"शनिवारी सभेत सांगतो."

"सभेला नंतर. आधी तिला."

६

शनिवारी पुढे त्याने सभेतही सांगितलं. उभा राहून, पाठीमागे हात न लपवता सांगितलं. अध्यक्षबाईंनी स्वतःहून खोक्याची गोष्ट सांगितली. सातवीचं काम सातवीकडेच राहिलं आणि मुलांनी पुन्हा माती मळायला घेतली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिघंच होती, आणि छोट्याच्या कपातला चहा गार होत होता.

"तुझी चूक नव्हती," आत्याने आधीच सांगून टाकलं. "तुकड्यांच्या कडा पाहिल्या मी. तुझं एकही भांडं ओलं नव्हतं. बघून सांगतेय."

मुंगीने मान हलवली. तिचे खांदे खाली आले. मग बापाने घसा खाकरला आणि सुरुवात केली. त्याने काही वगळलं नाही. चावी सांगितली, पाचर सांगितली, टिकटिक सांगितली. 'तुझ्यावर माझा भरवसा नव्हता' हे वाक्य त्याला दोनदा सुरू करावं लागलं.

तो थांबल्यावर मुंगी म्हणाली, "किती उघडलं होतंस?"

त्याने बोटं दाखवली, डागासकट.

"आणि किती वेळ?"

"थोडाच. सगळ्या फळ्यांवरून टॉर्च फिरवला तेवढाच."

ती विचार करत होती. आखणी करताना कपाळाला पडायची तशी बारीक आठी तिच्या कपाळाला पडली होती. आत्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून दोघांना बघत होती. आता ही रडेल, आता उठून जाईल, आता काहीतरी असं बोलेल की या माणसाला आयुष्यभर पुरेल. तिने मनातल्या मनात मधे पडायची तयारीसुद्धा करून ठेवली.

"म्हणजे बरणी चांगली झाली होती?"

"चांगली झाली होती."

"तडा नव्हता?"

"एकही नव्हता. मी नीट बघितलं."

मुंगी पुढे सरकली. तिने दोन्ही कोपरं टेबलावर टेकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आत्याला जे दिसलं ते रागापेक्षा बघायला अवघड होतं. पोर उत्सुक झाली होती.

"मग बाबा, आम्ही कोणीच ती भाजलेली भांडी अख्खी बघितली नाहीत. मातीसरांनीपण नाही. तू एकट्यानंच बघितलीस." ती घाईघाईने बोलत होती. "तीन फळ्या भरून सगळी एकत्र. मी वरच्या फळीवर निळी ठेवली होती, मधे पांढरी, मग पुन्हा निळी, म्हणजे दार उघडल्याबरोबर पट्टे दिसले असते. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं ते. तसं दिसत होतं का? कसं दिसत होतं? सांग ना."

छोट्याने तोंड उघडलं. त्याने डोळे मिटले, खरंच आठवायचा प्रयत्न केला. आत्याला वाटलं, खोटं सांग रे, एवढं एक खोटं सांग. पण त्याने आजच खरं बोलायला सुरुवात केली होती आणि त्याला आता थांबता येत नव्हतं.

"ते नाही गं बघितलं मी," तो म्हणाला. "मी फक्त तडे शोधत होतो."

कोपरं टेकवून मुंगी तशीच त्याच्या तोंडाकडे बघत बसली, अजून काहीतरी आठवेल त्याला म्हणून.